वाचकांचे प्रश्न: टेबल सॉ, मागे उडणारी फळी आणि जळालेल्या कडा

मागच्या अंकातल्या स्टूलच्या लेखात "पट्ट्या टेबल सॉवर काढून घ्या" एवढी एकच ओळ होती, आणि पत्रं आणि मेल आले ते जवळपास सगळे त्या एका ओळीवरच. म्हणून यावेळचं सदर पूर्ण टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल ब्लेड फिरतं आणि लाकूड त्यावर ढकलायचं असतं त्या करवतीवर. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं मुद्दाम गाळलीयेत.

प्रश्न: दीडेक फूट लांबीची फळी उभी चिरत होतो, कट जवळजवळ संपला होता आणि अचानक फळी उचलली जाऊन मागे आली, थेट मांडीवर. मोठं काळंनिळं झालं पण वाचलो. मशीन नवीन आहे, ब्लेड पण नवीन. गार्ड आणि त्याच्यामागचं ते पातं काढून ठेवलंय कारण कट नीट दिसत नव्हता. मशीनमध्येच दोष असेल का?

उत्तर: मशीनमध्ये दोष दिसत नाही, तुम्ही शेवटच्या वाक्यात स्वतःच उत्तर लिहून पाठवलंय. ते "मागचं पातं" म्हणजे रिव्हिंग नाइफ, आणि ते काढलं की जे होतं तेच तुमच्याबाबतीत झालं, याला किकबॅक म्हणतात.

हे नेमकं कसं होतं ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचे सगळे नियम पाठ करावे लागणार नाहीत. ब्लेडचे पुढचे दाते, म्हणजे तुमच्या बाजूचे, वरून खाली जातात, ते लाकूड टेबलावर दाबून धरतात, तिथे काही भीती नाही. मागचे दाते मात्र खालून वर येतात आणि वर आल्यावर तुमच्या दिशेने पळतात. कट झालेली फळी जोपर्यंत फेन्सला (ब्लेडशेजारची, फळी टेकवून सरकवायची सरळ आधारपट्टी) चिकटून सरळ जातेय तोपर्यंत या मागच्या दात्यांना ती शिवत नाही, पण शेवटी शेवटी तुमचा हात ढिला पडला किंवा तुम्ही चुकीच्या बाजूने ढकललं की फळीचं मागचं टोक फेन्सपासून सुटतं, जरासं ब्लेडकडे वळतं, मागचा एक दाता त्याला पकडतो आणि उचलून ब्लेडच्या वरून फेकतो. दहा इंची ब्लेड मिनिटाला 4000 च्या आसपास फेऱ्या मारत असेल तर दात्याच्या टोकाचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे "मी घट्ट धरून ठेवेन" हा विचारच सोडून द्या. आणि फळी लागते हे कमी वाईट, जास्त वाईट हे की ज्या हाताने तुम्ही फळी धरली होती तो हात फळीबरोबर ब्लेडवर ओढला जाऊ शकतो.

रिव्हिंग नाइफ काय करतं, तर ब्लेडच्या अगदी मागे काही मिलिमीटरवर उभं राहून फळीला मागच्या दात्यांपर्यंत पोचूच देत नाही, आणि आतून ताण असलेलं लाकूड चिरल्यावर मिटायला लागलं तर चीर उघडी ठेवतं. ब्लेड वरखाली केलं, तिरकं केलं तरी ते सोबत हलतं. गार्ड काढायची वेळ येते, मान्य, खोबणी पाडताना गार्ड बसतच नाही, पण नाइफ ब्लेडच्या वरच्या टोकापेक्षा किंचित खाली ठेवता येतं त्यामुळे खोबणीच्या कामातही ते राहू शकतं. माझं मत विचाराल तर टेबल सॉवरचा एकच भाग निवडून ठेवायचा असेल तर तो हा.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. नाइफची जाडी ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी हवी. मशीनबरोबरचं नाइफ 2.5 मिमी जाडीचं आणि तुम्ही नंतर आणलेलं ब्लेड पातळ, 2.4 मिमी चीर पाडणारं, असं झालं की फळी नाइफवर अडकते, मग लोक वैतागून नाइफ काढतात आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू. नाइफवर जाडी बहुतेक कोरलेली असते, ब्लेडवर पण छापलेली असते, दोन्ही वाचा.

बाकी उभं कुठे राहायचं, तर ब्लेडच्या सरळ रेषेत नाही, थोडं बाजूला. ढकलायचं कुठे, तर ब्लेड आणि फेन्स यांच्या मधल्या भागावर, आणि फळी ब्लेडच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलत राहायचं, मध्ये सोडायचं नाही. डावा हात फक्त फळी फेन्सकडे दाबायला आणि तो ब्लेडच्या अलीकडेच थांबला पाहिजे. फेन्स ब्लेडपासून वीतभराच्या आत आली की हाताऐवजी पुश स्टिक किंवा पुश ब्लॉक. मला स्वतःला टाच असलेला रुंद ब्लॉक आवडतो कारण तो फळीला खाली पण दाबतो, नुसती काठी फक्त मागून ढकलते आणि पुढचं टोक उचललं जाऊ शकतं. आणि तुटलेला तुकडा ब्लेडशेजारी पडलाय म्हणून बोटाने सारायला जाऊ नका, स्विच बंद करा, ब्लेड थांबू द्या, मग उचला.

प्रश्न: चिरलेल्या कडेवर काळे-तपकिरी डाग येतात, लाकूड जळल्याचा वास पण येतो. ब्लेड बदलून बघितलं, थोडा फरक पडला, पण डाग आहेतच.

उत्तर: आधी हे सांगा की डाग कुठल्या तुकड्यावर येतायत, फेन्सकडच्या की सुटून पडणाऱ्या? यावरून निम्मं निदान होतं. फेन्सकडच्या कडेवर येत असतील तर फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलीय, फळी तिथे चिमटली जातेय, आणि हे नुसतं डागांचं प्रकरण नाही, वरच्या प्रश्नातल्या उडणाऱ्या फळीची ही पहिली पायरी आहे. सुटणाऱ्या तुकड्यावर येत असतील तर फेन्स मागे जास्तच उघडलीय, किंवा लाकूड आतल्या ताणाने मिटतंय.

तपासायचं कसं ते सविस्तर सांगतो, डायल गेज नसला तरी चालतो, कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकती पट्टी असलेला गुण्या) पुरतो. प्लग काढा. स्विच बंद नाही म्हणतोय, प्लग काढा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दात्यावर मार्करने खूण करा. माइटर गेज (आडव्या कटासाठी फळी ठरावीक कोनात धरून सरकवायचं साधन) ज्या खाचेत सरकतो त्या खाचेच्या कडेला स्क्वेअर टेकवा, पट्टी हळूहळू बाहेर काढत त्या खूण केलेल्या दात्याला जेमतेम लागेल अशी आणा आणि स्क्रू कसा. आता ब्लेड हाताने किंचित पुढेमागे फिरवलं की दाता पट्टीला घासून बारीक टिक असा आवाज येतो. तोच दाता मागे फिरवा, स्क्वेअर खाचेतून मागे सरकवा, तसाच टिक आला तर ब्लेड खाचेला समांतर आहे. आवाजच आला नाही किंवा दाता पट्टीवर चढून बसला तर नाही. दोन्हीकडे तोच दाता वापरायचा, नाहीतर ब्लेडची स्वतःची लचक मापात मिसळते आणि तुम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे लागता. ब्लेड समांतर झालं की मग फेन्स त्याच खाचेशी समांतर करा. क्रम उलटा करू नका. फरक 0.1 मिमीच्या आसपास आला की पुरे, त्याहून खाली जाण्यात वेळ घालवू नका, लाकूड स्वतःच हवेच्या ओलीने त्याहून जास्त हलतं.

हे सगळं बरोबर निघालं तर उरतात तीन कारणं. एक म्हणजे दाते जास्त. दहा इंची ब्लेडला उभ्या कटासाठी, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, 24 दाते, रेषांना आडव्या कटासाठी आणि प्लायसाठी 60 ते 80, आणि सगळ्यात मधलं 40 ते 50 असा साधारण हिशोब. 80 दात्यांच्या ब्लेडने जाड लाकूड उभं चिरलं तर दात्यांमधल्या खाचा एवढ्या छोट्या की भुसा बाहेर पडत नाही, तिथेच फिरतो आणि तापतो. दुसरं म्हणजे ब्लेडवर चिकटलेला लाकडाचा डिंक. "धार गेली" म्हणून फेकायला काढलेली बरीच ब्लेडं नुसती मळलेली असतात, काढून साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने दाते घासा, कोरडं पुसा, मग ठरवा. तिसरं तुमचा वेग. मध्ये थांबून हात बदलला की बरोब्बर त्या जागी डाग येतो, मेपल आणि चेरी सारखी लाकडं तर थांबायचीच वाट बघत असतात. एकदा सुरू केलं की एका गतीने, मोटरचा आवाज पडणार नाही इतपत, शेवटपर्यंत. आलेले डाग घालवायला एक मिलिमीटर जास्तीचा ठेवून नंतर रंधा मारा, पॉलिश पेपरने घासत बसलात तर कड गोल होईल.

प्रश्न: ब्लेड फळीच्या किती वर ठेवायचं? दोन जणांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

उत्तर: दोघंही बरोबर असतील. ब्लेड उंच ठेवलं तर दाते लाकडावर जास्त उभे येतात, खाली दाबतात, कट थंड राहतो. खाली ठेवलं तर उघडं ब्लेड कमी दिसतं, म्हणजे चुकून हात गेलाच तर जखम कमी. मधला मार्ग असा की दाते पूर्ण वर आले पाहिजेत आणि दात्यांमधल्या खाचेचा तळ फळीच्या वरच्या पातळीला जेमतेम यावा, म्हणजे भुसा बाहेर पडायला वाट राहते.  यावर वाद घालण्यापेक्षा गार्ड लावा, मग उंचीचा प्रश्न बराच बिनमहत्त्वाचा होतो.

प्रश्न: व्हिनियर लावलेल्या प्लायच्या कपच्या उडतात, एका बाजूला कट सुंदर येतो आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्याने चावल्यासारखा. आणि आठ बाय चारची शीट एकट्याने टेबल सॉवर घ्यायची काही युक्ती आहे का?

उत्तर: चावलेली बाजू खालचीच असणार. पुढचे दाते वरून खाली उतरतात, बाहेर पडताना खालच्या पापुद्र्याला आधार नसला की तो फाटतो. म्हणून टेबल सॉवर चांगली बाजू वर ठेवायची. हातातल्या सर्क्युलर सॉला हे नेमकं उलट, तिथे दाते खालून वर येतात म्हणून चांगली बाजू खाली. दोन्ही मशीनं वापरणारे यात हमखास घोळ करतात, शीटवर खडूने लिहून ठेवलेलं बरं.

दोन्ही बाजू चांगल्या हव्या असतील तर ब्लेडभोवतीची टेबलातली पट्टी बदला. मशीनबरोबर येते तिला ब्लेडच्या दोन्हीकडे रुंद फट असते. तिच्याच जाडीची आणि आकाराची एक कोरी पट्टी प्लायची किंवा एमडीएफची बनवा, ब्लेड पूर्ण खाली नेऊन ती बसवा, फेन्स तिच्यावर एका कडेला आणून घट्ट करा म्हणजे ती उचलली जाणार नाही, पण ब्लेड फेन्सला लागणार नाही हे दोनदा बघा, मग मशीन चालू करून ब्लेड हळूहळू वर घ्या. ब्लेड स्वतःची चीर स्वतः पाडतं आणि लाकडाला अगदी दात्यापर्यंत आधार मिळतो. काही मशीनवर ब्लेड तेवढं खाली जातच नाही, मग आधी पट्टीच्या खालच्या बाजूने थोडी खोबणी करून घ्यावी लागते. नाइफसाठी मागे चीर वाढवायला विसरू नका, नाहीतर परत नाइफ काढून ठेवाल. शिवाय 60 ते 80 दात्यांचं ब्लेड, आणि फारच नाजूक व्हिनियर असेल तर पहिला हात 1-2 मिमी खोलीचा फक्त पापुद्रा कापायला आणि दुसरा पूर्ण.

आठ बाय चारची शीट एकट्याने? 18 मिमीची असेल तर वजन 30 किलोच्या पुढे जातं, तिचं एक टोक टेबलावर आणि बाकी सगळी हवेत, तुमचं लक्ष तिला सावरण्यात आणि ब्लेड मध्ये फिरतंय. युक्ती नाही, नका करू. जमिनीवर पट्ट्या किंवा थर्माकोल टाकून शीट आडवी ठेवा, सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टीने सेंटीमीटरभर मोठे तुकडे पाडा, ते तुकडे मग टेबल सॉवर मापात आणा. आणि टेबल सॉच्या मागे फळी टेकायला तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवंच, नाहीतर कट संपताना फळी मागे कलंडते आणि तुम्ही ती पकडायला ब्लेडवरून वाकता.

प्रश्न: माइटर गेजवर 90 अंश लावलं तरी चौकट जोडताना कोपऱ्यात फट राहते. गुण्या लावून बघितलं तर बरोबर दिसतं.

उत्तर: गुण्याला जे दिसत नाही ते चार कोपऱ्यांत चौपट होऊन दिसतं. यावर माझा उपाय म्हणजे स्लेड बनवा, माइटर गेज बाजूला ठेवून द्या. प्लायचा एक पाट, खाली दोन खाचांत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे एक आडवं लाकूड पाट एकत्र धरायला आणि तुमच्या बाजूला एक सरळ जाड लाकूड ज्याला काम टेकवायचं. ते काम टेकवायचं लाकूड एका टोकाला एकाच स्क्रूने बसवा, दुसरं टोक क्लॅम्पने धरा, म्हणजे सरकवता येईल. आणि ब्लेड जिथून त्या लाकडाच्या पाठीमागे बाहेर येतं तिथे एक जाड ठोकळा चिकटवा, अंगठे नेमके तिथेच ठेवायची सवय असते.

आता काटकोन तपासायचा तो गुण्याने नाही, पाच कटांनी. साधारण 400 मिमी चौरस एमडीएफचा तुकडा घ्या. एक कड कापा, तुकडा फिरवून ती कापलेली कड टेकू लाकडाला लावा, दुसरी कापा, तसंच तिसरी, चौथी. पाचव्यांदा पहिल्याच कडेची बोटभर रुंद पट्टी काढा आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी कॅलिपरने मोजा. एका टोकाला 25.6 आणि दुसऱ्याला 25.2 आली तर फरक 0.4, त्याला चारने भागा कारण चूक चार वेळा साठलीय, म्हणजे 400 मिमी लांबीत 0.1 मिमी. तुमच्या टेकू लाकडावर स्क्रूपासून क्लॅम्पचं अंतर 600 मिमी असेल तर ते टोक 0.15 मिमी सरकवायचं, फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) पट्टी मध्ये घालून ठोकळा टेकवला की एवढं बारीक सरकवणं जमतं. परत पाच कट घ्या. फरक दुप्पट झाला असेल तर उलट्या बाजूला सरकवलंत एवढंच.

यातच एक इशारा, कारण दुसऱ्या एका पत्रात नेमकं हेच करतो असं लिहिलेलं होतं: माइटर गेजने आडवा कट घेताना तुकड्याची लांबी ठरवायला फेन्सचा आधार घेऊ नका. कट संपताच तो सुटा तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकतो, त्याला कोणी धरलेलं नसतं, जरा तिरका झाला की उडतो. फेन्स वापरायचीच असेल तर तिच्या पुढच्या टोकाला, ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे, एक ठोकळा क्लॅम्प करा, फळी त्याला टेकवून माप घ्या आणि मग पुढे ढकला, कट होईपर्यंत तुकड्याच्या बाजूला मोकळी जागा झालेली असते.

प्रश्न: ग्लोव्हज घालावेत का? घरच्यांचा फार आग्रह आहे.

उत्तर: चालू ब्लेडजवळ नाही. दाता बोटाला लागला तर जखम होते, ग्लोव्हला लागला तर तो ग्लोव्हसकट हात आत ओढतो. अंगठी, घड्याळ, लोंबणाऱ्या बाह्या, मोकळे केस यांचं पण तेच. ब्लेड बदलताना, खडबडीत लाकूड उचलताना खुशाल घाला. घरच्यांना सांगा की आग्रह चष्मा, कानावरचे मफ आणि मास्क यांचा धरा. 85 डेसिबलच्या वर दिवसभर काम करणं कानाला वाईट मानतात आणि टेबल सॉ सहसा त्याच्या वरच असतो. लाकडाचा भुसा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलाय, तेव्हा व्हॅक्यूम जोडा आणि तरीही मास्क लावा, बारीक धूळ मशीन बंद झाल्यावर पण बराच वेळ तरंगत असते.

प्रश्न: बोट लागलं की आपोआप थांबणारे टेबल सॉ आले आहेत, व्हिडिओत सॉसेज लावून दाखवतात. खरंच चालतं का? तसा घेतला तर बाकी काळजीची गरज उरत नाही ना?

उत्तर: खरंच चालतं. ही कल्पना स्टीफन गॅस नावाच्या अमेरिकन माणसाची, 1999 मधली, फिजिक्स शिकलेला आणि पेशाने पेटंटचा वकील. त्याचं मशीन म्हणजे सॉस्टॉप. ब्लेडवर एक बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, कोरडं लाकूड तो शोषत नाही पण आपलं शरीर शोषतं, सिग्नल पडला की स्प्रिंगने एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडच्या दात्यांत घुसतो, साधारण 5 मिलिसेकंदात ब्लेड थांबतं आणि खाली पण जातं. जिथे बोट गेलं असतं तिथे बारीक ओरखडा. तो ब्रेक एकदाच चालतो, नंतर बदलायचा, आणि ब्लेड सुद्धा बहुतेक कामातून जातं. खूप ओलं लाकूड किंवा आतला खिळा यानेही ब्रेक सुटू शकतो.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्या यंत्रणेला बोट कळतं, उडणारी फळी कळत नाही. नाइफ, फेन्सची समांतरता, उभं राहायची जागा हे सगळं तिथेही तसंच्या तसं लागतं, भुशाचं आणि कानाचं तर विचारूच नका. परवडत असेल तर जरूर घ्या, मी अडवणार नाही.

प्रश्न: टेबल सॉ घेणं शक्य नाही म्हणून प्लायच्या टेबलाखाली अँगल ग्राइंडर उलटा बसवून त्याला लाकडाचं ब्लेड लावायचा विचार आहे, असे बरेच जुगाड बघितले. सर्क्युलर सॉ उलटा लावला तर जास्त बरं का?

उत्तर: ग्राइंडरचं डोक्यातून काढून टाका. ग्राइंडर मिनिटाला 10,000 च्या वर फिरतो, तो घासायला आणि धातू कापायला बनवलाय, लाकडात दाते रुतले की त्याला थांबवणारं काही नाही. बहुतेक ग्राइंडरच्या मॅन्युअलमध्ये दात्यांचं ब्लेड लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. हातात धरून लावलं तरी वाईट, टेबलाखाली बसवून लावलं तर स्विच खाली, गार्ड नाही, नाइफ नाही, फेन्स म्हणजे एक पट्टी.

उलटा सर्क्युलर सॉ त्यापेक्षा कमी वाईट, पण "बरं" म्हणवत नाही. त्याचा खालचा गार्ड बांधून उघडा ठेवावा लागतो, ट्रिगर टाय मारून दाबून ठेवावा लागतो, म्हणजे वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू. चांगल्या टेबल सॉच्या स्विचमध्ये नेमकं हे टाळलेलं असतं, वीज आल्यावर पुन्हा बटण दाबल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि बंद करायचं बटण एवढं मोठं असतं की दोन्ही हात फळीवर असताना गुडघ्याने पण दाबता येतं. त्यापेक्षा तो सर्क्युलर सॉ सुलटाच वापरा, सोबत एक सरळ गाइड पट्टी बनवा. कपाटाची, टेबलाची जवळपास सगळी कामं त्यात होतात. अडतं ते फक्त बारीक पट्ट्यांवर, त्या एखाद्या ओळखीच्या सुताराकडून चिरून आणता येतात.

प्रश्न: जुन्या दाराचं सुंदर लाकूड मिळालंय, पण फळ्या वाकल्यात. तशाच फेन्सला लावून चिरल्या तर चालेल?

उत्तर: नाही चालणार. फेन्सला लागणारी कड सरळ आणि टेबलावर टेकणारी बाजू सपाट, एवढं असल्याशिवाय फळी टेबल सॉवर न्यायचीच नाही, डुगडुगणारी फळी कट चालू असताना बसकण बदलते आणि ब्लेडला आवळते. एक कड रंध्याने सरळ करा, किंवा फळी एका सरळ कडेच्या प्लायवर क्लॅम्प करून प्लायची कड फेन्सला लावून पहिला कट घ्या. परातीसारखी वाकलेली असेल तर खोलगट बाजू खाली ठेवली की दोन कडांवर स्थिर बसते. पीळ पडलेली असेल तर आधी रंधा, दुसरा इलाज नाही. चिरताना चीर मिटायला लागली असं वाटलं तर ओढून परत घेऊ नका, तिथेच धरून मशीन बंद करा, ब्लेड थांबल्यावर चिरेत पाचर ठोका आणि मग पुढचा विचार. आणि जुनं दार म्हणजे खिळे, लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. मोडलेलं खिळ्याचं डोकं रंगाखाली दिसत नाही.

प्रश्न: 5 मिमीच्या पट्ट्या काढायच्यात, बऱ्याच. फेन्स 5 वर लावली तर पुश स्टिकच जात नाही.

उत्तर: जाऊ नये म्हणूनच ती जागा एवढी आहे असं समजा. बारीक पट्टी फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये ठेवली की शेवटी ती सुटी होते आणि बाणासारखी मागे सुटते. ती दुसऱ्या बाजूला पडू द्या. म्हणजे रुंद फळी फेन्सकडे, पट्टी बाहेरच्या बाजूला. फेन्सच्या उलट बाजूला, ब्लेडच्या अलीकडे, टेबलावर एक टेकू बसवा, बेअरिंग लावलेला तयार मिळतो नाहीतर लाकडाचा ठोकळा माइटरच्या खाचेत घट्ट करता येतो, आणि तो ब्लेडच्या दात्यापासून 5 मिमी बाहेर ठेवा. फळी त्याला लागेपर्यंत फेन्स सरकवा, कट घ्या, फेन्स परत सरकवा, परत कट. प्रत्येक पट्टीला फेन्स हलवावी लागते, कंटाळा येतो, पण सगळ्या सारख्या निघतात. टेकू ब्लेडच्या बरोबर शेजारी किंवा पलीकडे नको, तिथे तो चीर मिटवतो, फेदरबोर्डलाही (फळी दाबून धरणारी, कंगव्यासारखी चिरलेली फळी) हाच नियम. प्लायच्या प्रश्नात सांगितलेली बिनफटीची पट्टी इथे हवीच, नाहीतर 5 मिमीची पट्टी फटीतून खाली जाऊन ब्लेडमध्ये सापडते. फळी अरुंद होत हाताच्या अंतराच्या आत आली की तिथेच थांबा, उरलेला तुकडा दुसऱ्या कामाला ठेवा.

प्रश्न: ब्लेडचा नट निघतच नाही, कुठल्या बाजूला फिरवायचा? जोर लावून पाना घसरतोय.

उत्तर: प्लग काढलात ना? नट ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सुटतो, म्हणजे पाना वर उभा धरला तर स्वतःकडे ओढायचा, मशीन कुठल्याही बाजूला तिरकं होणारं असो. ब्लेड सोबत फिरत असेल तर शाफ्टचं लॉक किंवा दुसरा पाना वापरा, दात्यात लाकूड अडकवून जोर लावला तर दात्याची कार्बाइडची टोकं तुटतात. बसवताना आवळायला फार ताकद लागत नाही, फिरताना तो स्वतःच घट्ट राहतो, मागच्या वेळी कोणीतरी पान्यावर लटकून आवळलेला दिसतोय.